पुढचा शॉकअप

इंजिनाखाली दोन दगड लावून संतरामने मोटारसायकल अंगणात उभी केली होती. पुढचं चाक सोडून बाजूला ठेवलेलं, मडगार्ड भिंतीला टेकवलेलं. त्याने वरचा बोल्ट ढिला केला आणि उजवा शॉकअप पिळत पिळत खाली ओढून काढला. काळं तेल घमेल्यात ठिबकू लागलं.

"बाबा, मेकॅनिककडं काहून नेली न्हाई?" ओसरीवरून त्याची लेक शिवकन्या म्हणाली.

"त्यो ठोकून बसवतो. मला बराबर पाहिजे."

ग्रामपंचायतीचं पाणी सोडण्यात संतरामची बावीस वर्षं गेली होती. पंप असो की गाडी, तो स्वतःच उघडायचा. शिवकन्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना. आधीची दोन पोटातच गेलेली. काल कळमनुरीला तपासायला नेताना प्रत्येक खड्ड्याला पुढून ठक्कन आवाज यायचा आणि मागे ती पोट धरायची. संतरामने तिथूनच नवे ऑइल सील घेतले.

दुसरा शॉकअप निघाला आणि शिवकन्या ओसरीवरच वाकली. बायको, नर्मदाबाई, आतून धावत आली.

"आवो, कळा येऊन राहिल्या पोरीला. गाडी काढा."

बाजाराचा दिवस. गावातल्या जिपा सकाळीच गेलेल्या. संतराम गाडी जोडायला बसला. तेलकट हातांतून बोल्ट निसटत होता. शेवटी नर्मदाबाईनेच शेजारच्या रतनसिंगच्या शेतावर पळत जाऊन त्याचा ट्रॅक्टर आणला. ट्रॉलीत गादी टाकली. दवाखाना गाठेपर्यंत दुपार कलली.

लेकरू रडलंच नाही.

"तासभर आधी आणलं असतं तर, बाई?" संतरामने विचारलं.

"तसं काही सांगता येत नाही, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर नर्मदाबाईने त्याच्या हातात चहा दिला.

"बोल की काही," तो म्हणाला.

"काय बोलू? तुमी तिच्यासाठीच गाडी खोलून बसले होते."

दुसऱ्या दिवशी घरी येऊन त्याने सील बसवले, तेल भरलं, दोन्ही शॉकअप चढवले. चौथ्या दिवशी लेकीला आणायला गेला. नर्मदाबाई सामान घेऊन बसने निघाली.

गाडी आता नुसती दबायची आणि वर यायची. तरी संतराम एकेक खड्डा चुकवत चालला होता. एक सायकलवाला मागून येऊन पुढे निघून गेला.

"बाबा," शिवकन्या म्हणाली, "आता एवढं हळू काहून चालवून राहिले?"

पुढे मोरीपाशी रस्ता पार उखडला होता. तिथे त्याने गाडी बंद केली, दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि लेकीला तशीच बसवून पायांनी ढकलत ढकलत पलीकडे नेली.