चौकीची कडी

आमच्या सासूबाईंचा सत्कार करायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा मुबारकभाईंच्या मृत्यूनंतरचा चाळिसावासुद्धा व्हायचा होता.

चौकीतला हवालदार निमंत्रणपत्रिका घेऊन घरी आला. जाड गुळगुळीत कागद, वर पांढरं कबूतर, खाली 'सामाजिक सलोखा गौरव समारंभ'. त्याखाली सासूबाईंचं नाव आणि 'दंगलीच्या प्रसंगी सकीनाबी यांचे प्राण वाचवल्याबद्दल शाल, श्रीफळ व सन्मानचिन्ह'. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि आईंचा जबाब कधी घेणार?" मी विचारलं.

"घेऊ ना ताई. साहेब म्हणाले, आधी कार्यक्रम होऊन जाऊ दे. मावशी, तुम्ही फक्त दोन शब्द बोला. पोलिसांनी सहकार्य केलं, एवढंच."

सासूबाई ओट्यावर बसून बोंबील साफ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "काय केला?" त्या म्हणाल्या.

"सहकार्य, मावशी."

"बरा," म्हणाल्या आणि पुढचा बोंबील उचलला. त्यांचं हे 'बरा' आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ते ऐकलं की माझे सासरे हयात असताना गपचूप चप्पल घालून बाहेर पडायचे. हवालदाराला त्यातलं काय कळणार? तो खुशीत चहा पिऊन गेला.

आता झालं काय होतं ते सांगते. पनवेलच्या आमच्या मासळी बाजारासमोरच पोलीस चौकी आहे, मध्ये फक्त रस्ता. सासूबाई बाजाराच्या तोंडाशीच बसतात, आणि लग्न होऊन आल्यापासून मीही त्यांच्या शेजारी बसते. आमचा माल मोरा बंदरावरून मुबारकभाईंच्या टेम्पोतून यायचा. बर्फ कमी पडला की सासूबाई त्यांचा उद्धार करायच्या, आणि ते हसून म्हणायचे, "शांतीबाय, तुमची शिवी ऐकल्याशिवाय माझी गाडी स्टार्ट होत नाही." नारळी पुनवेला दर्याला द्यायचा नारळ तेच आणायचे. कानाशी धरून, हलवून, आतलं पाणी ऐकून निवडायचे. दुसऱ्या कुणी आणलेला नारळ सासूबाईंना पटतच नसे.

सणावाराच्या आधी चौकीत शांतता समितीची बैठक भरते. चहा होतो, गुलाबाची फुलं वाटतात, टोपीवाला आणि टिळेवाला शेजारी शेजारी उभे करून फोटो काढतात. यंदाच्या बैठकीत मोठे साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "काही झालं तर कुणी कायदा हातात घेऊ नका. धावत इथं या. या चौकीचं दार तुमच्यासाठी कायम उघडं आहे." मुबारकभाई पहिल्या रांगेत होते. फूल खिशाला लावूनच बाजारात आले. "साहेबांनी जबान दिलीय, शांतीबाय. आता फिकीर नको."

त्या बिचाऱ्याचं काय चुकलं म्हणाल, तर एवढंच. सरकारनं दिलेला शब्द त्यांनी खरा धरला.

त्या दिवशी सणाची मिरवणूक दुपारी बाजारावरून जाणार होती. मागे कुठेतरी दगड पडला म्हणे. पडला की नाही देव जाणे, पण मोबाइलवर तो वाऱ्यासारखा फिरला. बघता बघता गाणी थांबली आणि ओरडा सुरू झाला. मुबारकभाई नुकता माल उतरवून टेम्पोत बसले होते. शेजारी त्यांची बायको सकीनाभाभी, त्यांना गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. इंजिन चालू होतं आणि मागची गल्ली मोकळी होती. गाडी तशीच काढली असती तर मुबारकभाई आज जिवंत असते.

पण त्यांनी इंजिन बंद केलं. भाभींना हाताला धरून आमच्या ओट्यापाशी आणलं. म्हणाले, "शांतीबाय, हिला जरा बसवा. मी पोलिसांना घेऊन येतो." रस्ता ओलांडायला निघाले तेव्हा चौकीचं दार उघडं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ते पायरीवर पोचले आणि दार लागलं. आतून कडी पडली. खट्ट. रस्त्याच्या अलीकडे मला ऐकू आलं.

ते दार वाजवत होते. "साहेब, मी मुबारक! बैठकीला होतो ना मी!" जाळीच्या खिडकीतून आतला पंखा दिसत होता. मजेत फिरत होता.

जमाव बाजारावर आला. मुबारकभाईंची पाठ वळताच सासूबाईंनी भाभींना बर्फाच्या पेटीमागे ढकलून वर ओली गोणपाटं टाकली होती. आता त्या स्वतः पेटीवर बसल्या, हातात कोयता. जमावातल्या दोघातिघांना त्या ओळखत होत्या. त्यांच्या आयांची नावं घेऊन त्यांनी अशा हाका मारल्या, की पोरं जागच्या जागी घुटमळली. आमच्या सगळ्या कोळणी उठून उभ्या राहिल्या. बाजाराच्या आत कुणी पाऊल टाकलं नाही.

पण रस्त्याच्या पलीकडे आम्हाला जाता आलं नाही. मी दोनदा धावले, दोनदा ढकलली गेले. पोलिसांना फोन लावला, तर बाई गोड आवाजात म्हणाली, "गाडी निघाली आहे." जमावानं त्यांना पायरीवरच गाठलं, तरी मुबारकभाई शेवटपर्यंत दार वाजवत होते, पळाले नाहीत. आता उघडेल, आता उघडेल असंच त्यांना वाटत राहिलं असणार. टेम्पो जळून सांगाडा झाल्यावर पोलिसांची गाडी आली, आणि मग चौकीचं दारही उघडलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

पोलिसांनी काय लिहिलं माहीत आहे? 'पळताना चौकीच्या पायरीवरून पडल्याने डोक्यास मार.' सकीनाभाभींनी सही केली नाही. त्यांचं म्हणणं एकच होतं, दार लावून घेतलं हे लिहा. साहेब म्हणाले, तुम्ही तर गोणपाटाखाली होता, तुम्हाला कसं दिसलं? भाभी म्हणाल्या, शांतीबायनं पाहिलं, त्यांच्या सुनेनं, कोमलनं पाहिलं, त्यांना विचारा. त्यावर आमचे जबाब राहिले बाजूला आणि ही कबुतराची पत्रिका आली.

संध्याकाळी भाभी आमच्याकडे आल्या. पत्रिका त्यांनी लांबूनच पाहिली. "शांतीबाय, तुम्ही घ्या शाल. तुमचे एहसान आहेत माझ्यावर. पण तुम्ही 'सहकार्य' बोललात ना, तर माझा माणूस पायरीवरून पडूनच मेला. मग मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

आमचे हे, म्हणजे प्रितेश, कोपऱ्यात बसले होते. भाभी गेल्यावर म्हणाले, "आये, माजी पोलीस पडताळणी बाकी हाय. बंदरातली नोकरी हाय, रोज मिलत नाय. तू नुसती शाल घे नि गप बस. बोलू नको, मग झाला?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "प्रितेश, त्या दिवशी तो हवालदार पन आपली नोकरीच राखीत व्हता."

हे मान खाली घालून उठले. त्या रात्री आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही.

खरं सांगायचं तर हवालदारानं मला जाता जाता दाराशी हळूच सांगितलं होतं. "ताई, आम्ही दोघंच होतो. वरून सांगितलं होतं, कुमक येईपर्यंत चौकीचं नुकसान होऊ देऊ नका." नाहीच झालं. एका काचेला तडा नाही. सरकारनं आपली मालमत्ता अगदी चोख राखली. मुबारकभाई पडले साधे नागरिक, ते कुणाच्या ताब्यात दिलेलेच नव्हते. बरं, दोघंच होते तर दोघांनी मिळून एका माणसाला आत ओढायचं होतं. त्याला किती कुमक लागते?

समारंभ बाजाराच्या टोकाला असलेल्या हॉलमध्ये होता. स्टेजवर मोठे साहेब, पुढारी, फुलांच्या परड्या, आणि पुढे मोबाइल वर धरून बसलेले पत्रकार. सासूबाई नव्या साडीत, नाकात नथ घालून गेल्या. मागच्या रांगांत आमच्या सगळ्या कोळणी, आणि त्यांच्यात सकीनाभाभी. साहेबांनी भाषण केलं. पनवेलची एकोप्याची परंपरा, नागरिकांचं धैर्य, पोलिसांची तत्परता. टाळ्या झाल्या. सासूबाईंच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला.

त्यांनी तो नारळ कानाशी धरला आणि हलवला.

"सुका हाय," त्या माइकवर म्हणाल्या. हॉल हसला, साहेबही हसले.

"सायेब, आमी नारल दर्याला देताव. तो आमची मानसा राखतो म्हनून. मना कनाला देता? मी एका बाईला गोनपाटाखाली लपवली. दाराशी आलेल्या मानसाला राखायचा काम माजा नव्हता, तुमचा व्हता. या मानाची धनीन चौकीची कडी हाय. ती त्या दिवशी हालली नाय. मुबारकभाय मेला तरी हालली नाय. चला, तिला देऊन येव."

आणि उतरल्या की स्टेजवरून! कोळणी उठल्या. साहेब "मावशी, मावशी, ऐका" करत मागे. पत्रकार तर पुढेच पळाले. मी वळून पाहिलं, तर सकीनाभाभींचा हात धरून प्रितेश चालत होते. पडताळणीचं काय, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सबंध बाजार ओलांडून आम्ही निघालो. सासूबाईंचा नारळ सोडला तर कुणाच्या हातात काही नव्हतं, कुणी घोषणा देत नव्हतं, पण बायका पुष्कळ होत्या. चौकीचं दार उघडं होतं. दारात एक शिपाई उभा होता. त्यानं रस्त्यावरून एवढी माणसं येताना पाहिली, तो आत सरला आणि दार लागलं.

कडी पडली. खट्ट. या वेळी सगळ्यांनी ऐकली, साहेबांनीसुद्धा.

सासूबाईंनी खांद्यावरची शाल काढून दाराच्या मुठीला बांधली आणि नारळ पायरीवर ठेवला, जिथे मुबारकभाई पडले होते तिथेच. मग बाजूला झाल्या.

साहेब लालबुंद होऊन पुढे आले. त्यांनी दारावर थाप मारली. "अरे, मी आहे! उघडा!"

आतून काही आवाज नाही. जाळीतून पंखा फिरताना दिसत होता. साहेबांनी पुन्हा थाप मारली, मग दोन्ही हातांनी. मोबाइल सगळे त्यांच्यावर रोखलेले. सकीनाभाभी माझ्या शेजारी उभ्या होत्या. डोळ्याला पदर लावला नाही, टक लावून त्या थापा मोजल्यासारख्या ऐकत होत्या.

सासूबाई म्हणाल्या, "जोरान ठोका, सायेब. मुबारकभाय याच्यापेक्षा जोरान ठोकीत व्हता."