ओयदिनचा उरलेला नान

मित्रांनो, मी एक जुना नान आहे. दगडासारखा वाळलेला आणि कडेला उंदराने कुरतडावा इतकाच चावलेला. हसू नका, तो चावा ओयदिनचा आहे.

मर्गिलान गावातल्या एका अंगणात, तंदुरात तिच्या आईने मला भाजले. काय तजेला होता तेव्हा माझ्या अंगावर! आमच्याकडे घरातले कुणी दूर निघाले की नानचा एक घास घेते आणि उरलेला नान भिंतीवर टांगतात. माणसाने सुखरूप परत यावे आणि आपला नान संपवावा, एवढीच त्यामागची आशा. सोळा वर्षांची ओयदिन नृत्य शिकायला ताश्कंदला निघाली होती.

"चांगला मोठा घास घे गं," आई म्हणाली.

"बेतानं घेऊ दे की!" तिची मावशी, सानोबार खाला, खिदळली. "आत्ताच ही नाचली तर ताश्कंदला भूकंप व्हायचा!"

सगळे हसले. ओयदिनही हसली आणि तिने माझा जेमतेम एक कण तोडला.

हिवाळाभर मी खिळ्यावरून फोनवरची बोलणी ऐकत होतो. आई विचारायची, "जेवलीस का?" ओयदिन म्हणायची, "हो गं, पुलाव खाल्ला." मलाही ते खरे वाटायचे. खाला मात्र फोटो पाहून खूश व्हायची. "आता कशी मुलगी दिसतेस! अशीच राहा हं." ओयदिन अशीही राहिली नाही, आणखी वाळत गेली.

वसंतात ती सरावात चक्कर येऊन पडली आणि शाळेने तिला घरी धाडले. वडिलांनी तिला लहान बाळासारखे उचलून आत आणले. खालाच्या तोंडून सवयीने निघून गेले, "किती हलकी झालीस गं!" या वेळी कुणी हसले नाही.

आईने मला खाली काढले, एक तुकडा चहात भिजवला. "तुझाच आहे, बाळा. संपव."

ओयदिनने तो तोंडात घेतला. आईची पाठ वळताच हातावर काढला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि माझ्याशेजारी ठेवून दिला. नान टाकायचे पाप तिला करवेना आणि तो गिळायचे बळ तिच्यात उरले नव्हते.

खाला आता रोज शोरबा घेऊन येते. येऊ दे. मी तिला माफ केलेले नाही.

मित्रांनो, वाढत्या मुलीच्या घासावर हसू नका आणि तिची हाडे दिसू लागली की कौतुक तर मुळीच करू नका. ओयदिन आतल्या खोलीत पडून आहे. तरी आईने मला पुन्हा खिळ्यावर टांगले आहे. तिची लेक अजून घरी यायची आहे.