शेडमध्ये बासष्ट साल उजाडतं

आमच्या घरामागच्या शेडमध्ये तीस वर्षं एकोणीसशे एकसष्ट साल चालू होतं. माझा नवरा मर्व आणि त्याचा भाऊ क्लाइव यांनी तिथे ऑल्बरी स्टेशनचं हुबेहूब मॉडेल उभं केलं होतं, पेराएवढ्या माणसांसकट. त्या काळी आमच्या न्यू साउथ वेल्सचे आणि पलीकडच्या व्हिक्टोरियाचे रूळ वेगवेगळ्या रुंदीचे होते. त्यामुळे सिडनीची गाडी सीमेवरच्या ऑल्बरीला थांबायची आणि माणसांनी बॅगा घेऊन उतरायचं, फलाट ओलांडून मेलबर्नच्या गाडीत बसायचं. मग शेडमध्येही उतरायलाच हवं, इतिहास म्हणजे इतिहास! आता प्लास्टिकची माणसं आपली आपण थोडीच उतरतात? ती उतरवायची मी. दर शनिवारी त्रेचाळीस जण, चिमट्याने, एकेक करून.

क्लाइव घड्याळ लावून बसायचा आणि अर्धं मिनिट उशीर झाला तरी वहीत लिहायचा.

"नोएलीन, तुझे प्रवासी चहा प्यायला बसलेत का गं?"

"हळू बोल. त्यांच्यात एक फादर आहेत, ते ऐकतायत."

बासष्टच्या एप्रिलमध्ये रूळ एक झाले आणि गाडी थेट जाऊ लागली. मी शंभरदा म्हटलं असेल, "अरे, आणा की एकदाचं बासष्ट साल!" पण क्लाइव बधायचा नाही. या दोघांचे वडील त्याच फलाटावर हमाल होते. थेट गाडी आली आणि त्यांचं काम गेलं. शेडमधल्या फलाटावर मात्र ते हातगाडी घेऊन उभेच होते.

"मी जिवंत आहे तोवर म्हाताऱ्याची नोकरी जाणार नाही," क्लाइव म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात माझा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे आता वाढतच जाणार. मी कोणाला सांगितलं नाही. कुरकुर करत का होईना, पण ती त्रेचाळीस माणसं माझी होती. मग एका शनिवारी फादर चिमट्यातून निसटले ते थेट क्लाइवच्या चहात.

क्लाइवने त्यांना चमच्याने बाहेर काढलं. "झाला बाप्तिस्मा," तो म्हणाला. मर्व माझ्या हाताकडे बघत होता. मी हात खिशात घातला आणि चष्म्याला नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप. "जरा दुरुस्ती काढलीय," मर्व म्हणाला. तीन आठवडे आतून करवतीचा आवाज आणि भावांची भांडणं ऐकू येत होती. त्यात त्यांच्या मॉडेल-रेल्वे क्लबमधली पॅम येऊ-जाऊ लागली. पॅमने अख्खी नोकरी दातांच्या दवाखान्यात केलेली, हात कसे दगडासारखे स्थिर. मी काय ते समजले. माझा चिमटा पॅमला मिळणार होता. रागाच्या भरात मी मर्वचा रविवारचा मटणाचा रोस्ट मुद्दाम करपवला. त्याने तो मुकाट्याने खाल्ला, तेव्हा तर मला रडूच आलं.

चौथ्या शनिवारी त्याने हाक मारली. मी दारातूनच म्हटलं, "पॅमला सांग, फादरचा डावा पाय ढिला आहे."

"आत तर ये, बाई!"

फलाटावर फक्त फादर उभे होते. जुने रूळ उखडून नवे टाकलेले, थेट मेलबर्नपर्यंत. बाकीचे सगळे एकाच गाडीत बसलेले, पॅमने बाकांना कायमचे चिकटवून टाकलेले.

"एप्रिल बासष्ट," मर्व म्हणाला. "आता कोणी उतरायचं नाही."

"आणि म्हातारा?" मी विचारलं.

क्लाइवने एका डब्याचं छप्पर उचललं. सासरे खिडकीपाशी बसले होते, हातगाडीशिवाय.

"जन्मभर दुसऱ्यांच्या बॅगा उचलल्या," क्लाइव खाकरत म्हणाला. "जाऊ दे की एकदा फिरायला."

त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. मर्वने चिमटा माझ्या हातात दिला. "फादरना डिंक लावलेला नाही. त्यांना तू बसवायचं, दर शनिवारी."

हात थरथरत होता. फादर दोनदा पडले, एकदा सासऱ्यांच्या मांडीवर बसले. अकरा मिनिटं लागली. फादर जागेवर टेकले आणि मग गाडी सुटली.

क्लाइवने वही उघडली. मी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. त्याने लिहिलं होतं, 'वेळेवर.'