क्विल्टींचे बारा खांब

गुस्ताव लिंडमनने झाडी तोडून जमीन मोकळी केली. त्याच्या मुलाने, एमिलने, त्या जमिनीवर खांबांवरचे लाकडी घर उभारले. एमिलच्या वॉल्टरने घराला तीन बाजूंनी व्हरांडा काढला. वॉल्टरची एकुलती एक लेक थोरा, आता ऐंशी ओलांडलेली. यंदाच्या महापुरात पाणी तिच्या घराच्या तळाच्या फळ्यांना चाटून गेले, म्हणून तिने घर आणखी उंच करायला काढले होते.

समोरच्या नोरीन क्विल्टीचे घर मात्र पुराने नेले. रिकाम्या जागेवर कॅरव्हॅनमध्ये, चाकांवरच्या खोलीत, दिवस काढून ती आता किनाऱ्यावरच्या बहिणीकडे कायमची निघाली होती. शेजारच्या गावातले एक जुने लाकडी घर अख्खेच्या अख्खे ट्रकवर घालून आणता आले असते; पण ते कशावर उभे करणार? खांब नव्हते, आणि कुणाचे फुकट घेणे तिच्या स्वभावात नव्हते. चर्चने जमवलेली मदतही तिने दारातूनच परत धाडली होती.

थोराला हे मुळीच मान्य नव्हते. लिंडमनांच्या समोर क्विल्टी असायचेच. शिवाय एक देणे राहिले होते. तिच्या लहानपणी वाळवीने घराचे खांब पोखरले, तेव्हा नोरीनच्या आजोबांनी स्वतःच्या गुरांच्या कुंपणासाठी कापलेले, वाळवीला दाद न देणाऱ्या टणक आयर्नबार्क लाकडाचे बारा खांब आणून टाकले. वॉल्टरने पैसे पुढे केले, तर म्हातारा म्हणाला, "लाकूड दिलंय, लाकूडच घेईन. घाई नाही." दोघेही गेले, देणे राहिले.

आता घर जॅकवर उचलले गेले, लोखंडी खांब आले आणि जुने अंगणात आडवे झाले. थोराच्या मुलाने, क्लाइव्हने, हातोडीने ठोकून पाहिले.

"आई, अजून घंटेसारखे वाजतात."

"मग बघत काय बसलास? नोरीनला बोलाव."

नोरीन आली ती खिशात हात घालूनच. "थोरा आंटी, दया नकोय मला."

"दया? माझ्याकडे वेळ कुठाय तेवढा? अख्खा जन्म तुझ्या आजोबांच्या लाकडावर झोपले मी. तू निघून गेलीस तर मी हे कुणाला परत करू, नदीला?"

"आजोबा तर कधी काही बोलले नाहीत."

"ते बोलायचे कधी? स्वतःच्या लग्नातसुद्धा नुसती मान हलवली होती, माझी आई सांगायची."

पूर आल्यापासून नोरीन पहिल्यांदाच हसली. वाकून तिने लाकडावरून हात फिरवला, मग एकेक खांब मोजला. "अकराच आहेत."

"बारावा काढताना उभा चिरला," क्लाइव्ह ओशाळून म्हणाला. "पण अकरांवर घर आरामात उभं राहील."

"अकरा पुरेत, आंटी. खरंच."

"पुरेत म्हणजे? तुझ्या आजोबांनी अकरा आणले नव्हते." थोराने काठी व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या खांबाकडे रोखली. "तो काढ. तेच लाकूड आहे."

"आई, तो वॉल्टर आजोबांनी स्वतः लावलाय! व्हरांडा कलेल."

"कलू दे. टेकू लाव. आधी चहा घे, पण आजच काढ."

दिवस मावळायच्या आत खांब निघाला. आधीचे अकरा पलीकडे नेऊन झाले होते; क्लाइव्ह आणि नोरीनने तोही रस्ता ओलांडून ओढत नेला आणि क्विल्टींच्या जागेवर बाकीच्यांशेजारी ठेवला. नोरीनने तिथूनच ट्रकवाल्याला फोन लावला. "हो, घर आणा. गुरुवारी चालेल. इथेच आहे मी."

कललेल्या व्हरांड्यात काठीवर भार देऊन थोराने खांब मोजले. बारा भरले, तेव्हाच ती खाली बसली.