बिनविरोध

नगरपंचायतीची निवडणूक गावात झालीच नाही. आप्पांनी देवळात बैठक घेतली, वाडीवाडीतून एकेक नाव ठरवलं आणि सगळे बिनविरोध निवडून आले. आप्पा अर्थातच नगराध्यक्ष झाले. खालच्या वाडीतून रसिकाचं नाव निघालं, कारण ती शिकलेली होती आणि कुणाला वाकडं बोलत नसे. सत्काराच्या वेळी नारळ देताना आप्पा म्हणाले, "आपल्या गावात भांडण नाही, हेच आपलं वैभव." तेव्हा रसिकालाही ते पटलं होतं.

उन्हाळ्यातल्या सभेत बाजारामागचा पऱ्ह्या, म्हणजे ओढा, बुजवायचा विषय आला. डोंगरातलं पाणी खालच्या वाडीला वळसा घालून त्याच पऱ्ह्यातून खाडीला जायचं. आता त्यात पाइप टाकून वर दुकानगाळे बांधायचे होते. विषय वाचून होण्याआधीच दोघातिघांनी "मंजूर" म्हणून टाकलं.

रसिका उभी राहिली. "आप्पा, श्रावणातलं पाणी त्या पाइपात मावेल का? आणि त्यातच खाडीला उधाण असलं तर?"

कुणी रागावलं नाही. सगळे तिच्याकडे असे बघत राहिले, जणू तिला जेवताना ठसका लागलाय आणि तो थांबायची वाट बघायची आहे.

"सूनबाई, बसा," गावातल्या प्रत्येक सुनेला म्हणत तसं आप्पा मायेने म्हणाले. "सर्वानुमते मंजूर."

"माझा विरोध आहे."

"आपल्याकडे विरोध नसतो," आप्पा हसून म्हणाले आणि त्यांनी पुढचा विषय घ्यायला सांगितला.

त्यानंतर तिला कुणी शिव्या दिल्या नाहीत की धमकावलं नाही. फक्त हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. नवऱ्याला, निलेशला, बाजारात जो तो खांद्यावर हात ठेवून विचारायचा, "वहिनींची तब्येत बरी आहे ना?" एकदा जेवताना निलेश म्हणाला, "तुझं चुकलं असं कुणी म्हणतच नाही गो. त्याचीच भीती वाटते."

पावसाळ्याआधीच पाइप टाकून झाला आणि वर गाळ्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. गणपतीआधी एके पहाटे डोंगरावर धो धो पाऊस कोसळला आणि खाडीला उधाणही होतं. पाइपाने पाणी घेतलं नाही. ते मागे फिरलं आणि वाडीत शिरलं. शेजारचा केरू गोठ्यातली गाय सोडायला गेला, तो परत आला नाही. दुपारी गाळ्यांच्या भिंतीला अडकलेला सापडला. गाय तेवढी पोहत वर आली होती.

पुढच्या सभेत आप्पांनी सगळ्यांना उभं करून श्रद्धांजली वाहिली. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. मग सगळे बसले आणि विषय निघाला, पऱ्ह्याचा वाडीलगतचा उरलेला भागही बंदिस्त करण्याचा. तिथे गाड्या लावायची सोय होणार होती.

"मंजूर."

"थांबा!" रसिकाचा आवाज चिरकला. "माणूस गेलाय आपला! निदान कसा गेला ते तरी बोला!"

"आत्ताच उभे राहिलो ना आपण," शेजारी बसलेले एक सभासद हळूच म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

ती तिथून उठली ती थेट केरूच्या घरी गेली. त्याची बायको चंपाकाकू ओटीवर तांदूळ निवडत होती. रसिकाने तिला सगळं सांगितलं. आप्पांनी ठरवलेलं काम वाडीने एकत्र येऊन अडवायला हवं, तू पुढे झालीस तर बाकीचेही येतील, असं विनवलं.

चंपाकाकूने सगळं ऐकून घेतलं. सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला.

"आप्पा हायत ना, बाय. ते बघतील."

"काकू, केरूकाका त्याच पाण्यात गेले!"

"त्यांची वेळ झाली व्हती." तिच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. "आप्पांनी स्वतः खांदा दिला गो. आनी आपन काय भांडायचं?"

रसिका पायरी उतरली आणि तिचा पाय गार पाण्यात पडला. पाऊस थांबून आठवडा झाला होता, लख्ख ऊन पडलं होतं. गाळाने तुंबलेल्या पाइपामागे डोंगरातून झिरपणारं पाणी साठत साठत अंगणापर्यंत आलं होतं. तिने मागे वळून पाहिलं. चंपाकाकूलाही ते दिसत होतं. काकूने पाय वर ओढून घेतले आणि पुन्हा सूप हातात घेतलं.