एकाला दोन

मी एक दुर्बीण. दोन नळ्या, गळ्यात पट्टा आणि पोटात एक डूख. तो पोटात कसा शिरला, तेवढं ऐकून घ्या.

निवृत्त झाल्यावर सरांनी मला हौसेनं घेतलं. हिवाळ्यात शहरातल्या मोठ्या बागेत पाहुणे पक्षी उतरत. सर मला स्वेटरच्या आत, छातीशी धरून नेत. पक्षी अचूक ओळखला तरी ‘बहुधा’ म्हटल्याशिवाय त्यांच्या तोंडून नाव निघत नसे. भरवसा काय तो माझ्यावर.

पक्षी बघणाऱ्यांच्या गटाचा म्होरक्या होता कप्तान. एकदा सर चहा आणायला गेले, तेव्हा त्यानं मला बाकावरून उचललं आणि फरशीवर पाडलं. आतलं भिंग हललं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, मला पुसलं आणि गुपचूप जागेवर ठेवलं.

तेव्हापासून मला एकाचे दोन दिसतात.

"तळ्यात बगळ्यांची जोडी आहे, बहुधा," सर म्हणाले.

"सर, एकटाच आहे बिचारा! तुम्ही परस्पर लग्न लावलंत?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं हे म्हणणारा कप्तानच.

मग रोजचंच झालं. "सर, आज किती जुळी?" नुसत्या डोळ्यांनी एकच दिसतं, हे सरांना कळत होतं, पण माझ्यावर संशय घेण्यापेक्षा स्वतःवर घेणं त्यांना सोपं गेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. सर जास्तच घाबरले. डोळे नाहीत, म्हणजे डोकं! मला दारामागच्या खुंटीला अडकवून ते बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना, पुन्हा पुन्हा विचारू लागले, "अगं, गॅस बंद केला ना मी?" मी लटकून ऐकत होते. दात असते तर ते खाल्ले असते.

पुढच्या हिवाळ्यात बाईंनीच मला खुंटीवरून काढलं. "अहो, मोजू नका, नुसते बघा. चला."

तळ्यावर दाट धुकं होतं. दुर्मीळ, तांबड्या डोक्याचं बदक आल्याची बातमी होती. कप्तानाभोवती नवी मंडळी जमलेली, आणि त्याच्या दुर्बिणीवर नेमकी चहाची वाफ धरलेली. त्यानं मला सरांच्या गळ्यातून ओढलंच. "आणा इकडे, तुम्हाला काय दिसणार!"

मी जीव तोडून दाखवलं.

"दोन आहेत! दोन!" कप्तान ओरडला.

धुकं विरलं. बदक एकच होतं.

"काय कप्तान, जुळी का?" मागून कुणीतरी म्हणालं.

"माझे डोळे चांगले आहेत हो! ही दुर्बीणच पडल्यापासून अशी..."

"कधी पडली?" बाईंनी विचारलं.

कप्तानानं जीभ चावली. आता कुणीच हसत नव्हतं. सरांनी मला परत घेतलं, एक डोळा मिटला आणि एकाच नळीतून बराच वेळ बघत राहिले.

"एकच आहे," ते म्हणाले. ‘बहुधा’ नाही.

आता मी दुरुस्तीच्या दुकानात, टेबलावर उघडी पडले आहे. कप्तान माफी मागायला येणार आहे म्हणे. सर करतीलही माफ. पण एक भला माणूस वर्षभर स्वतःच्याच डोक्याला घाबरत जगला, ते मी खुंटीवरून पाहिलंय.

दुरुस्तीवाले दादा, भिंग सरळ करा. डूख तेवढा राहू द्या.