फेलिक्सची झारी

आमच्या होलेनरोडे या जर्मन गावात माणसाची पत त्याच्या झारीवरून ठरते. दफनभूमीच्या नळाशेजारी लोखंडी दांडी आहे आणि तिच्यावर प्रत्येक घराची झारी साखळी-कुलपासकट टांगलेली असते. झारीवर ठळक रंगात घराचं नाव असतं. दुसऱ्याच्या झारीने फुलांना पाणी घातलं म्हणून दोन घरं इथे एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

मी विबके. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला गावच्या स्मारक समितीची चिटणीस केलं, कारण माझं अक्षर बरं आहे. समिती होती पस्तीस बाळांच्या आठवणीसाठी. दुसऱ्या महायुद्धात पोलंड-युक्रेनमधून धरून आणलेल्या बायका आमच्या शेतांवर राबत. त्यातल्या एखादीला मूल झालं की आठवड्याभरात ते काढून घेत आणि वीटभट्टीमागच्या खोपटात ठेवत, म्हणजे आईला बीट खणायला मोकळं होता यावं. खोपटात नासकं दूध मिळे. दप्तरात सगळ्यांच्या मृत्यूचं कारण 'अशक्तपणा' असं लिहिलं आहे. बाळांना दफनभूमीच्या कुंपणाकडेला पुरलं आणि पुढे कबरींची मुदत संपल्यावर, घरच्यांनी पैसे भरून वाढवली नाही तर इथे कुणाचीही संपते तशीच, जागा सपाट करून तिथे हिरवळ लावली. ती हिरवळ फार छान राखलेली आहे.

अध्यक्ष डेटमर. त्यांच्या आजोबांच्या शेतावर अशा अकरा बायका होत्या, पण हा विषय बैठकीत कधी निघाला नाही. दगड कुठला घ्यायचा यावर तीन बैठका झाल्या. अनावरणाला लोण्याचा केक की आलुबुखारचा यावर दोन झाल्या, आणि त्यात आवाजही चढले. मजकूर मात्र दहा मिनिटांत ठरला: 'कठीण काळात आपल्यातून गेलेल्या बालकांस.' गेली म्हणजे कुठे गेली, असं मी विचारलं. दगड लहान आहे, असं उत्तर मिळालं.

तेवढ्यात पोलंडहून हालिनाबाईंचं पत्र आलं. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचा भाऊ फेलिक्स दुदेक इथे अकरा आठवडे जगला होता. त्याचं नाव या गावात कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढं त्यांच्या आईने मरताना मागितलं होतं. डेटमरनी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा पुढे करून वाटाण्याच्या अक्षता लावल्या. कायदा जिवंत माणसांसाठी असतो, असं मी म्हणाले.

"अहो विबकेबाई," ते म्हणाले, "बाळाचं नाव आलं की आईचं येतं. आईचं आलं की शेत कुणाचं तेही येतं."

सगळ्या बैठकांत मिळून बोललं गेलेलं खरं वाक्य हे एवढंच. मी ते इतिवृत्तात लिहिलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

हालिनाबाई तरीही अनावरणाला आल्या. बँड होता, अग्निशमन दल गणवेशात होतं आणि दोन्ही केक होते. बाईंनी दगडावरून बोट फिरवत मजकूर दोनदा वाचला. मग आणलेल्या फुलांसाठी पाणी मागितलं. मी त्यांना नळापाशी नेलं.

हालिनाबाई टांगलेल्या झाऱ्या बघत उभ्या राहिल्या. "हे सगळं कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"ज्याचं त्याने."

"परवानगी घेऊन?"

मी नाही म्हणाले.

झारी कुठे मिळते हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. दुपारी आम्ही हिरवी झारी आणली. पांढरा रंग माझ्या घरात होता. मी झारी धरली आणि त्यांनी तिच्यावर फेलिक्सचं नाव घातलं. वाळल्यावर ती डेटमरांच्या आणि माझ्या झारीमध्ये टांगली.

कॉफी संपवून डेटमर नळावर आले आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्याच्या घरची कबर इथे आहे त्यालाच झारी टांगता येते, असा नियम आहे, त्यांनी सांगितलं. नियम खराच आहे.

"माझ्या भावाची कबर आहे ना इथे," हालिनाबाई शांतपणे म्हणाल्या. "कुठे आहे ते तुम्ही दाखवा. ती इथे नाहीच हे दाखवून दिलंत, तर झारी मी आत्ता काढते."

डेटमरनी हिरवळीकडे पाहिलं. मग आपली झारी भरून ते आजोबांच्या कबरीकडे गेले.

हालिनाबाई दुसऱ्या दिवशी परतल्या. जाताना कुलपाची किल्ली माझ्याकडे दिली. दर शनिवारी मी फेलिक्सची झारी काढते. तो नेमका कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सगळ्या हिरवळीला पाणी घालते.